फग्याच्या दिवसांतले वकील

काल इथे सौदीत, खोबर शहराच्या भाजीबाजारात फगा दिसला. पथारीवर गोणपाट, गोणपाटावर वाळूने माखलेले ओबडधोबड गोळे आणि मागे उकिडवा बसलेला वाळवंटातला एक बदू म्हातारा. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटेल, बारके बटाटे मांडलेत. नाकाशी धरला की मात्र ओल्या मातीचा आणि जुन्या होडीच्या लाकडाचा वास येतो. वाळवंटात वेळेवर पाऊस पडला, ढग नीट गडगडले, तर थंडी सरता सरता जमिनीला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांखाली हा सापडतो. पेरत कोणी नाही, पाणी कोणी घालत नाही. आमच्या हर्णैकडे अळंबी येतात त्यातलीच ही जात. फक्त ती वारुळापाशी छत्री उघडून उभी राहतात, आणि हा वाळूत तोंड लपवून बसतो.

मूठभर घेतला. घरी येऊन धुतला, परत धुतला, मग आणखी एकदा. फग्यात वाळूचा एक कण राहिला तरी सगळं जेवण दाताखाली करकरतं. माझा स्वभावच तसा. दाराला कुलूप लावलं की जिन्यावरून परत वर येऊन ओढून बघणारा मी माणूस.

बाजारातून आलो तेव्हा मी चालवतो त्या मेसच्या दारात एक माणूस उभा होता. महाडकडचा, एसी दुरुस्त करणारा, चाळिशीचा असेल. त्याची कंपनी बंद पडली आहे. दुसरा कफील, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर इथे राहता येतं असा मालक, मिळाला नाही तर त्याला परत जावं लागणार. माझा कफील सालेह ह्याला माणूस हवाच आहे, पण सालेहने त्याला सांगितलं, "मेसवाल्या चाचांना विचार. ते म्हणाले ओळखतो, तर मी घेतो."

माणूस मला म्हणाला, "भाऊ, एवढंच म्हणा ना, ह्याला ओळखतो म्हणून. तुमचं काय जातंय?"

मी म्हणालो, "उद्या दुपारी या."

त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, मी टाळतोय. पायऱ्या उतरताना त्याने एकदा मागे वळून पाहिलं. मी हातात फगा घेऊन तसाच उभा. आणि मग तो हिवाळा आला, जसा दर वर्षी ह्या वासाबरोबर येतो.

कुवेतच्या लढाईचा हिवाळा. आमच्याकडे पावसाळ्याची वर्षं लक्षात राहतात, मला ही एक थंडी लक्षात आहे. सकाळी धुकं इतकं की मशिदीचा मिनार अर्धाच दिसायचा. रस्त्यावरून वाळूच्या रंगाच्या गाड्यांची रांग न थांबता वर, उत्तरेकडे जायची. दुकानांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या. ज्यांना जमलं ते लोक जेद्दाकडे निघून गेले. माझा तेव्हाचा कफील अबू सालेह हा सालेहचा बाप. तोही बायकामुलांना गाडीत घालून गेला. माणूस वाईट नव्हता. जाताना मला अर्धी गोणी तांदूळ देऊन गेला, खांद्यावर हात ठेवून गेला. पण त्याचं लोखंडी कपाटही गेलं आणि त्या कपाटात माझा पासपोर्ट. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आलेला. जेद्दाच्या फोनवर नुसती घंटी वाजत राहायची.

तेव्हा मी धाहरानच्या वाटेवरच्या एका कंपाउंडमध्ये स्वयंपाकघरात होतो. वस्ताद होते इब्राहिमचाचा, दाभोळचे. जन्म सगळा जहाजांवर भटारखान्यात गेलेला, आवाज लाटांवरून हाक मारल्यासारखा. कंपाउंड अमेरिकनांनी भाड्याने घेतलं होतं आणि आमच्या वाट्याला जी माणसं जेवायला आली ती वकील निघाली.

चाचांना ते पटेना. "लढाईत वकील कशाला रे मेल्या? तोफ डागायच्या आधी नोटीस देतात काय?"

मला तरी कुठे कळत होतं! हळूहळू कळलं ते असं. ही माणसं घरी साध्या कोटात वकिली करणारी. पलटणीने बोलावलं म्हणून वर्दी चढवून आलेली. इथे कोणा शिपायाने गुन्हा केला तर खटला चालवायचा, कोणाचं मृत्युपत्र लिहून द्यायचं, असली कामं. आणि घरी ती सगळी एका संघटनेतली. त्यांच्या देशात राज्याराज्यांची कोर्टं वेगळी आणि सगळ्या देशाचं म्हणून एक वेगळं कोर्ट, त्याला फेडरल म्हणतात. त्या फेडरल कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलांची ही संघटना. गावी महिन्यातून एकदा एकत्र जेवायची त्यांची रीत. इथे वाळवंटात त्यांनी ती आठवड्यावर आणली. लढाईत महिन्याचा भरवसा कोणी धरावा?

त्या जेवणाचा एक नियम होता. कोर्टात जे समोरासमोर, ते जेवताना शेजारी-शेजारी. वर्दीवर 'डॉयल' लिहिलेले एक मेजर होते, लालबुंद मानेचे. ते सरकारी बाजू मांडायचे. कॅप्टन रूथ म्हणून एक बाई होत्या, अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले. त्या आरोपी शिपायांच्या बाजूने उभ्या राहायच्या. सकाळी पलीकडच्या तंबूत दोघांचं असं जुंपायचं की आमच्या कढईत आवाज यायचा. आणि दुपारी हीच दोघं एका बाकावर. मेजर आपल्या चपातीतला अर्धा तुकडा बाईंना देणार, बाई आपल्या लष्करी शिध्याच्या तपकिरी पाकिटातली तिखट सॉसची बोटाएवढी बाटली त्यांच्या ताटात उपडी करणार.

"ही कसली माणसं रे," चाचा खिडकीतून बघत म्हणायचे. "सकाळी एकमेकांचा गळा धरतात नि दुपारी एका ताटात. आमच्या गावात बांधावरून भांडले ते दोन पिढ्या एका विहिरीचं पाणी नाय पीत."

कर्नलसाहेब सगळ्यांत वडील. घरी ते जज्ज होते. ताट स्वतः धुऊन आणून द्यायचे आणि प्रत्येक वेळी "थँक यू, चाचा" म्हणायचे. चाचा हे नावच आहे असं साहेबांना वाटायचं.

आता माझं काय चाललं होतं ते सांगतो. मी आठवीत शाळा सोडली. बाबा जहाजावर खलाशी. एक दिवस मुंबईहून दोन माणसांनी त्यांना धरून आणलं, उजवी बाजू गेलेली. गुरुजी दोन वेळा घरी येऊन बसले, आईने चहा केला. मी माझी कंपासपेटी हलिमाला देऊन टाकली. हलिमा माझी धाकटी बहीण. त्या वर्षी ती दहावीला होती, मार्चात तिची परीक्षा. आमच्या वाडीत दहावीला बसलेली ती पहिलीच मुलगी. मी इथे आहे तोवर तिची शाळा आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी परत गेलो की दुसऱ्याच महिन्यात तिचं लग्न ठरणार. मुलगा बघूनही ठेवला होता मामूने. मामू म्हणजे आईचा भाऊ. त्याचं म्हणणं असायचं, पोरगी फार शिकली की चुलीचा धूर सोसत नाही.

आणि इकडे फाटकावर नवा नियम लागला. सायरन वाजायला लागले होते, आभाळातून काय येईल त्याचा भरवसा नव्हता, त्यामुळे पहारेकरी कडक झाले. आत काम करणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाचा पास नवा करायचा, त्यासाठी त्याचा मालक स्वतः फाटकावर यायला हवा. जुमा, म्हणजे शुक्रवार, उलटला की जुने पास बंद. मालक नाही तर माणूस बाहेर. राहायची खोली कंपाउंडच्या आतच. बाहेर संपलेल्या इकाम्यावर पहिल्या नाक्यालाच पोलीस धरणार नि सरळ विमानात बसवणार. चाचांचा कफीलही जेद्दाला. पण चाचांना भीती अशी नव्हतीच. "पाठवतील तर पाठवतील. समुद्र तिकडेपण आहे." मला मात्र होती. डोळ्यांपुढे सारखी ती कंपासपेटी यायची, पत्र्याची, झाकणाचा रंग उडालेली.

घरून कॅसेट आली होती. त्या काळी आमच्याकडे पत्रापेक्षा कॅसेटच पाठवत. कोणी येणारा असला की त्याच्या खिशात घालायची. त्यात आईचा आवाज, कोंबड्याचा आवाज, मागे भरतीचा आवाज, नि मध्येच हलिमा, "दादा, बाकी सगळं येतंय, भूमितीच घोळ घालतेय. तू घाबरू नकोस, आम्ही बातम्या ऐकतो." मी ती कॅसेट त्या पास बंद व्हायच्या आठवड्यात इतकी ऐकली की फीत सैल होऊन आई पुरुषासारखी बोलायला लागली.

त्याच आठवड्यातलं वकिलांचं जेवण. सकाळीच कर्नलसाहेब स्वयंपाकघरात आले आणि हातवारे करून म्हणाले, आज काहीतरी गोड करा. आज कॅप्टनबाईंचा मोठा दिवस आहे. मेजर त्यांच्यासाठी उभे राहणार आहेत.

ते गेले. चाचा कमरेवर हात ठेवून हसायला लागले. "मी म्हणत होतो की नाय? एवढं भांडण उगाच होत नाय कधी."

"चाचा, कशावरून?"

"अरे कशावरून काय! बाईचा मोठा दिवस, पुरुष उभा राहणार, नि गोड करा. ह्याला तुझ्या शाळेत काय म्हणायचे? चल, केशर काढ."

चाचांनी जर्दा केला. लग्नातला पिवळाधमक गोड भात. बदाम सोलायला मला बसवलं. सायरनच्या दिवसांत, निम्मी भांडी बांधून ठेवलेली असताना, त्या स्वयंपाकघरात तुपात लवंग तडतडली आणि क्षणभर दाभोळला कोणाच्या तरी दारात मांडव पडल्यासारखं झालं.

दुपारी आम्ही वाढपाच्या खिडकीतून बघतोय. कॅप्टनबाईंनी वर्दीला इस्त्री केलेली, बूट चमकवलेले. कर्नलसाहेब टेबलाच्या टोकाशी उभे. मेजर उठले, बाईंच्या शेजारी उभे राहिले, घसा साफ करून काही बोलले. कर्नलसाहेबांनी बाईंना काही विचारलं. बाईंनी उजवा हात वर केला आणि त्यांच्यामागून एकेक वाक्य म्हटलं.

"कुबूल केलंन रे!" चाचांनी माझा खांदा दाबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी. "बिचारी. आईबाप नाय जवळ, कोण नाय. परक्या मुलखात."

टाळ्या वाजल्या. आणि मी थांबवायच्या आत चाचा जर्द्याचं मोठं तबक घेऊन बाहेर. सरळ मेजरांपुढे गेले, एक खजूर त्यांच्या तोंडात कोंबला, त्यांना छातीशी धरलं आणि म्हणाले, "शादी मुबारक! मॅरेज मुबारक!"

मेजरांना ठसका लागला. मग कॅप्टनबाई पाण्याच्या खोक्यावर मटकन बसल्या आणि अशा हसायला लागल्या की त्यांचे घट्ट बांधलेले केस सुटले. मेजर खजूर गिळून म्हणाले, "चाचा, माझी बायको ओहायोत आहे. ती हिच्यापेक्षा जास्त भांडते. मला दोघी नाही झेपायच्या!"

मग कर्नलसाहेबांनी आम्हाला समजावलं. सावकाश, सोप्या शब्दांत. कॅप्टनबाईंनी परीक्षा कधीच दिली होती, पण त्या फेडरल कोर्टात उभं राहायला एवढंच पुरत नाही. तिथल्या जुन्या वकिलांपैकी कोणीतरी जज्जासमोर उभं राहून सांगावं लागतं की मी ह्या व्यक्तीला ओळखतो, ही सचोटीची आहे, हिला आत घ्या. मग शपथ. बाईंची ती तारीख ठरलेली असताना पलटणीचं बोलावणं आलं. घरी गेल्यावर शिक्का बसेल तेव्हा बसेल. पण शब्द आणि शपथ आजच व्हावी असं संघटनेने ठरवलं. आणि तिच्यासाठी उभं राहायचा मान मेजरांना, कारण तिच्याशी रोज भांडून तिला सगळ्यांत जास्त तेच ओळखतात.

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे मॅडमना पण कफील लागतो?"

इतके दिवस आमच्यात राहून तो शब्द त्यांना कळू लागला होता. सगळे हसले. कॅप्टनबाई नाही हसल्या. त्यांनी विचारलं, "तुझा कफील कोण?"

"जेद्दाला आहे."

"तो तुला ओळखतो?"

मी म्हणालो, "त्याच्याकडे माझा पासपोर्ट आहे."

ह्यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि कोणी हसलंही नाही. चाचांनी हातातला डाव खाली ठेवला. मग फाटकाचं सगळं निघालं, जुम्याचं, पासचं. माझं इंग्रजी तुटकं. जिथे अडलं तिथे चाचांनी हिंदी लावली, जी साहेबलोकांना कळत नव्हती, पण आवाजावरून कळलं असावं. कर्नलसाहेब म्हणाले, नियमात एक वाट आहे. मालक नसेल तर कोणी अधिकारी स्वतः फाटकावर येऊन त्या माणसाची जबाबदारी घेऊ शकतो.

"मी घेते," कॅप्टनबाई पटकन म्हणाल्या. माझ्या छातीवरून दगड उतरला. तोच त्या थांबल्या. कपाळावर आठी आली. "नाही. थांब. मला तर तुझं नावसुद्धा नीट येत नाही. तुझ्या हातचं रोज जेवते, पण तुला ओळखत नाही. आत्ताच शपथ घेतलीय मी. पहिल्याच दिवशी, ओळखत नसताना ओळखते कसं म्हणू?"

दगड परत बसला. आत्ता काल तो महाडचा माणूस ज्या नजरेने माझ्याकडे बघत होता, तसाच मी त्यांच्याकडे बघितलं असणार.

"उद्या दुपारी," त्या म्हणाल्या, "भांडी झाली की मागच्या उन्हात ये."

मी त्या दिवशी उत्तरं पाठ केली. बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, पासपोर्ट कुठून काढला, आजवर कुठे पोलिसात नाव आहे का. मुंबईच्या एजंटाने शिकवलं होतं, शिक्षण विचारलं तर दहावी सांगायचं. ते पण घोकलं. शाळा सोडल्यापासून इतका अभ्यास केला नव्हता.

स्वयंपाकघरामागे पाण्याच्या बाटल्यांची खोकी रचलेली होती. हिवाळ्यातलं ऊन, पाठीला बरं वाटणारं. बाई एका खोक्यावर, मी समोरच्या. हातात कागद नाही, पेन नाही. मग म्हणाल्या, "तुझ्या घरात सकाळी सगळ्यांत आधी कोण उठतं?"

पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हणालो, "कोंबडा." मग म्हणालो, "नाही. आई. आई कोंबड्याच्या आधी उठते. ती चूल पेटवते तो धूर गेला की कोंबडा ओरडतो."

"आणि मग?"

आणि मग काय! मग मी बोलतच गेलो. बाबांना उजव्या हाताने पेला धरता येत नाही तर आई तो डाव्या बाजूला ठेवते, पण न बोलता, जणू चुकून तिकडे ठेवला. हलिमा चिमणीच्या उजेडात वाचते आणि वाचताना वेणीचं टोक चावते. बाहेर पडवीत जाळं लटकतं, त्यात मांजर अडकतं. शिक्षण विचारलं तेव्हा दहावी जिभेवर आलं होतं. पण जो माणूस ओळखत नसताना ओळखते म्हणायला तयार नाही, त्याला काय सांगायचं? म्हणालो, "आठवी. तीपण अर्धी."

"बहिणीचा राग येतो कधी? तू सोडलीस नि ती शिकते म्हणून?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. म्हणालो, "राग नाही. थोडं पोटात दुखतं. तिचं गणित सुटतं तेव्हा. मग बरं पण वाटतं."

त्यांनी मान हलवली. मी आतून टेप आणून कॅसेट लावली. त्यांना एक शब्द कळत नव्हता, तरी गुडघ्यांवर कोपरं टेकून ऐकत बसल्या. "ही?" "आई." "आणि हा आवाज?" "समुद्र." "ही बहीण? काय म्हणते?" "म्हणते, भूमिती घोळ घालते." तेव्हा त्या मोठ्याने म्हणाल्या, "मलाही घालायची!"

शेवटी मी न राहवून विचारलं, "मॅडम, हे सगळं लिहून नाही घेतलंत?"

"लिहून घ्यावं लागलं तर मी तुला ओळखते असं कसं?"

सकाळी फाटकावर रांग. केरळचे, बांगलादेशचे, फिलिपिनो, सगळे खाली मान घालून उभे. सार्जंट उंच, झोप न झालेला. त्याने विचारलं, "मॅडम, ह्या माणसाला ओळखता?"

एक हो पुरलं असतं. बाई म्हणाल्या, "ओळखते. ह्याच्या घरी सकाळी आई सगळ्यांच्या आधी उठते. ह्याने आठवीत शाळा सोडली म्हणून ह्याची बहीण पुढच्या महिन्यात दहावीला बसतेय. तिला भूमिती जड जाते. हा गॅस बंद केल्यावर दोन-तीनदा परत येऊन बघतो, त्यामुळे आपल्या कंपाउंडला बाहेरून लागली तर लागेल, आतून आग लागणार नाही. मी ह्याची जबाबदारी घेते."

सार्जंटने वर पाहिलं. "मॅडम, एवढं नको होतं."

"मला हवं होतं," त्या म्हणाल्या.

गॅसचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

मागे मेजर डॉयल चाचांना घेऊन उभे. सार्जंटने त्यांनाही विचारलं. मेजर म्हणाले, "ह्याने माझं लग्न लावलंय. आणखी किती ओळखू?" चाचांना कळलं काही नाही, पण सलाम असा ठोकला की सार्जंटही हसला. पासवर शिक्का पडला. ठप्प असा आवाज. मी तो पास हातात घेऊन स्वयंपाकघरापर्यंत गेलो, परत फाटकावर आलो, खरंच माझाच आहे ना ते विचारून पुन्हा गेलो. "यल्ला, यल्ला," सार्जंटने मला अरबीत हाकललं.

रांगेतल्या बाकीच्यांनी हे पाहिलं होतं. त्याच दुपारी संघटनेने ठराव केला, हात वर करून, अगदी रीतसर. त्यानंतर जुमा येईपर्यंत रोज दुपारी आमच्या स्वयंपाकघरामागे खोक्यांवर वकील बसलेले, प्रत्येकासमोर एक माणूस. मंगळूरचा धोबी, ढाक्याचा झाडूवाला. मोठमोठ्या कोर्टांत उलटतपासणी घेणारी माणसं विचारतायत, तुझ्या गावात पाणी कुठून आणतात, आणि समोरचा आधी गोंधळतो, मग त्याचे हात बोलायला लागतात. कर्नलसाहेबांच्या समोर एक बंगाली म्हातारा गाणं म्हणत होता, कर्नलसाहेब डोळे मिटून. ज्यांचे मालक आले नाहीत त्यांतला एकही माणूस त्या जुम्याला फाटकाबाहेर गेला नाही.

मग लढाई संपली. संपली तेव्हा आभाळ उत्तरेकडून काळं व्हायला लागलं. कुवेतच्या तेलविहिरी पेटलेल्या, त्यांचा धूर. दोरीवरच्या वर्द्यांवर काजळी. अशा त्या दिवसांत बदू लोक रस्त्याकडेला गोणपाट अंथरून फगा घेऊन बसले. एवढा गडगडाट झाला होता त्या वर्षी! चाचा म्हणाले, "आभाळाचा की तोफांचा, त्याला काय फरक पडतोय. आवाज झाला, उगवला." त्यांनी तो आपल्याकडची अळंबी करतात तसा केला, कांदा, खोबरं, कोकम घालून. संघटनेचं ते शेवटचं जेवण. कॅप्टनबाईंच्या दाताखाली वाळू आली. मी घाबरून धावलो, मीच धुतला होता. त्या म्हणाल्या, "राहू दे. घरी गेल्यावर हीच आठवेल."

निघताना हात मिळवला. "भूमितीचं काय झालं ते मला कळणार नाही," एवढंच बोलल्या. पत्ता मी मागितला नाही. काय म्हणून मागायचा? खलास, गाड्या गेल्या.

अबू सालेह परत आला. कपाटही आलं. इकामा नवा झाला. त्याला मी कधी हे सांगितलं नाही, पण सालेहला सांगितलं आहे, तो लहान असताना, ह्याच फग्याच्या दिवसांत. म्हणून तर तो आता लोकांना माझ्याकडे पाठवतो.

जूनमध्ये कॅसेट आली. तिच्यात शब्द जवळजवळ नव्हतेच. आई रडत होती, कोणी डबा वाजवत होतं, आणि हलिमा ओरडत होती, "दादा, भूमितीत सुटले!" मामूने बघितलेला मुलगा दुसरीकडे गेला. हलिमा पुढे डी.एड. झाली. आता ती दापोलीकडे एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. फोनवर माझ्याशीही शाळेतल्या बाईंसारखी बोलते. "दादा, गोळी घेतलीस? जेवलास? आता ये ना परत." येईन म्हणतो. चाचा गेले त्याला बरीच वर्षं झाली, दाभोळलाच, समुद्र दिसतो तिथे आहेत. ते वकील कुठे असतील देव जाणे. म्हातारे झाले असतील. एका बाकावर बसत असतील तर बरं.

आज दुपारी तो महाडचा माणूस आला. वेळेच्या आधीच. पांढरा शर्ट घातलेला, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. कागदांची पिशवी छातीशी. आला तसा उभ्याउभ्याच सुरू झाला, "भाऊ, हे माझं लायसन, हे अनुभवाचं सर्टिफिकेट, हा पासपोर्ट, इथे बघा..."

"ते राहू दे," मी म्हटलं. "बस. चहा घे."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. आत फगा शिजत होता, मातीचा वास मेसभर. मी जाऊन शेगडी बारीक केली. परत जाऊन बघितली. मग त्याच्यासमोर येऊन बसलो.

"सांग," मी म्हटलं, "तुझ्या घरात सकाळी सगळ्यांत आधी कोण उठतं?"

तो गोंधळला. पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असावं, म्हातारा भ्रमला. मग त्याच्या चेहऱ्यावरचं ते घोकलेलं सगळं हळूहळू सुटत गेलं, आणि त्याने पिशवी खाली ठेवली.

"मुलगी," तो म्हणाला. "तिची शाळा लांब आहे ना."

फग्याला शिजायला अजून वेळ होता. मी खुर्ची पुढे ओढली.